त्रैराशिक आणि रव्याचा केक

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन परतणारी मंडळी रिसोड तालुक्यातील केनवड येथे नातलगांकडे जेवणास थांबणार आहेत आणि दहाचे ऐंशी जण झाले आहेत, असे समजा. घरची सून वही उघडते आणि प्रत्येक जिन्नसापुढे आठने गुणाकार मांडते. व्यापाऱ्याच्या घरी त्रैराशिक शिकवावे लागत नाही. दहा जणांच्या केकला बारीक रवा व दही प्रत्येकी २५० ग्रॅम, पिठीसाखर २०० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम आणि दूध १५० मिलिलिटर लागते. म्हणजे ऐंशी जणांना रवा व दही दोन-दोन किलो, साखर १ किलो ६०० ग्रॅम, तूप ८०० ग्रॅम आणि दूध सव्वा लिटरला थोडे कमी. येथवर हिशेब चोख आहे. वजन मात्र दुकानातील काट्यावरच करावे. वाटीच्या मापातील चूकही आठपट होते.

हिशेब फसतो तो भांड्यापाशी. "एवढे मोठे भांडे आहे, एकदाच लावून टाक ना," असे सासूबाई म्हणतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ८ इंच व्यासाच्या भांड्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच, तर १२ इंचांच्या भांड्याचे ११३, म्हणजे जेमतेम सव्वादोनपट. त्यात चौपट मिश्रण ओतले की थराची उंची पावणेदोनपट होते. उष्णता कडेकडून आत सरकते. मध्यभाग शिजेपर्यंत कडा करपतात, आणि तूप-साखरेचा सारा खर्च वाया जातो. म्हणून भांडे न वाढवता भांड्यांची संख्या वाढवावी: ८ इंचांची आठ भांडी.

दुसरी अडचण सोड्याची. दह्यातील आम्लाशी गाठ पडताच सोडा वायू सोडू लागतो आणि केक फुगतो तो त्याच वायूने. आठही भांड्यांचे मिश्रण सकाळीच सोडा घालून ठेवले, तर शेवटच्या भांड्यापर्यंत त्यातील जोर निघून जातो. तेव्हा रवा, दही, साखर व तूप दोन-दोन भांड्यांपुरते कालवावे, अर्धा तास रवा फुगू द्यावा, घट्ट झाल्यास राखलेले दूध घालावे, आणि सोडा (एका भांड्याला अर्धा लहान चमचा, सपाट) त्या-त्या भांड्यात भट्टीत ठेवण्याच्या क्षणीच मिसळावा. चव खुलावी म्हणून रव्यात थोडे बेसन घालण्याची सूचना कोणी केली, तर ती येथे नाकारावी. कच्च्या दह्याशी बेसन आले की द्विदल होते.

उरला प्रश्न वेळेचा, आणि खरा पेच तोच. घरगुती विजेच्या भट्टीत एका वेळी एकच भांडे मावते. १८० अंशांवर चाळीस मिनिटे, काढ-घाल धरून पंचेचाळीस. आठ भांड्यांचे सहा तास. डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य मावळतो. पंगत पाच वाजता बसवायची, तर शेवटचे भांडे चारला बाहेर हवे, कारण गरम केक कापताना भुगा होतो. म्हणजे पहिले भांडे सकाळी दहाला आत गेले पाहिजे. मध्येच वीज गेली तर हे गणित कोलमडते; शेजारच्या घरची भट्टी आदल्या दिवशीच मागून ठेवावी, तिच्यात चार भांडी गेली की दुपारी एकलाच सारे आटोपते.