फोंतेन्हासच्या घरांना यजमान हवा

पणजीत आल्तिनोच्या टेकडीवरून पूर्वेला उतरणाऱ्या पायऱ्या फोंतेन्हासमध्ये येऊन थांबतात. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला उरेंची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात एकमेकांना खेटून उभी असलेली पिवळी, निळी, गेरू रंगाची कौलारू घरे. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों-पों करीत गल्लीत शिरतो, दारे उघडतात, पोया आत जातात. यातल्या काही दारांआड पाहुणे उतरलेले असतात. शंभर-सव्वाशे वर्षांच्या घरातली एक खोली, जुना शिसवी पलंग आणि सकाळी घरच्याच टेबलावर न्याहारी, एवढाच हा व्यवहार. ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ या इंग्रजी नावाने तो जगभर चालतो. आपल्याकडे त्याला ‘न्याहारी व निवास’ असे सुटसुटीत नाव मिळाले आहे. गोव्याला गेल्यावर किनाऱ्यावरच्या हॉटेलाऐवजी अशा घरात दोन रात्री काढाव्यात, असे वाटणारे मराठी प्रवासी थोडे नाहीत. त्यांची ही आवड चांगली आहे. पण ती ज्या घरांवर उभी आहे, त्यांची स्थिती नाजूक आहे.

जुने गोवे रोगराईने ओस पडू लागले, तेव्हा व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपला मुक्काम पणजीतल्या आदिलशाही वाड्यात हलवला. १८४३ मध्ये पणजीला ‘नोव्हा गोवा’ या नावाने राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. राजधानीच्या मागोमाग कारकून, कचेरीतले अधिकारी, कारागीर आले आणि त्यांना डोक्यावर छप्पर हवे होते. फोंतेन्हासची जमीन त्याआधी माडांची बाग होती. शेजारच्या मळा या भागातल्या झऱ्यावरून वस्तीला नाव पडले. पोर्तुगीजमध्ये ‘फोंत’ म्हणजे झरा. ही वस्ती कारकून-कारागिरांची, हे लक्षात ठेवायला हवे, कारण फोंतेन्हासकडे पाहताना आपण लोटली-चांदरच्या जमीनदारांचे महाल डोळ्यांसमोर आणतो आणि चुकतो. ही शहरी मध्यमवर्गाची घरे आहेत. खोल्या बेताच्या, दर्शनी भाग अरुंद, रस्त्यावर डोकावणारा लोखंडी कठड्याचा सज्जा, मागे विहीर. अधूनमधून एखादे हिंदू कुटुंबाचे घर, आत राजांगण असलेले. अशा घराच्या मालकाकडे पिढीजात इस्टेट नसते. असते ते घरच.

आणि हे घर खर्चिक आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, गिलावा चुन्याचा. पणजीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चिरा सच्छिद्र असल्यामुळे तो पाणी पितो आणि चुन्याचा गिलावा ते पाणी हळूहळू बाहेर सोडतो. म्हणून तर पावसाळा संपला की घराला नव्याने रंग देण्याची इथली जुनी रीत. स्वस्तात काम उरकण्यासाठी त्याच भिंतीला सिमेंट आणि प्लास्टिक रंग लावला की ओल आत कोंडते, पुढच्या श्रावणात पोपडे सुटतात आणि हळूहळू तुळयांची टोके कुजू लागतात. चुन्याचे काम जाणणारे गवंडी थोडे उरले, त्यांची मजुरीही वाढली. दर उन्हाळ्यात कौले परतायची, वाळवी पाहायची, खिडक्यांतले फुटलेले शिंपले बदलायचे. काचेऐवजी पातळ, पारभासी शिंपले बसवलेल्या या खिडक्यांमुळे खोलीत दुपारी जो दुधट उजेड येतो, तो एकदा पाहिला की विसरत नाही. पण शिंपले बसवणारा सुतार शोधताना घरमालकाच्या तोंडाला फेस येतो.

पैशांहून मोठी अडचण वारसाहक्काची. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मालमत्तेतला ठरावीक वाटा मुलांसाठी राखून ठेवला आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. २०१२ च्या गोव्याच्या कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र तीन पिढ्यांनंतर एका घराला दहा-पंधरा वारस होतात. कोणी लिस्बनला, कोणी टोरांटोला, कोणी मुंबईत वांद्र्याला. घर विकायचे, दुरुस्त करायचे किंवा भाड्याने द्यायचे, तर सगळ्यांचे मन वळवावे लागते. घरात पूर्वीचा भाडेकरू असेल, तर १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्यातले भाडे एका खोलीच्या रंगालाही पुरत नाही. मग दाराला कुलूप लागते, आणि कुलूप लागलेले कौलारू घर कोकणच्या पावसात फार वर्षे तग धरत नाही.

अशा वेळी मागे राहिलेली बहीण किंवा भाऊ वरच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देऊ लागतो आणि घराचे गणित बदलते. छपराचा खर्च निघतो. परदेशातल्या वारसांना घर ठेवण्यात अर्थ दिसू लागतो. फोंतेन्हासमध्ये ३१ जानेवारी रस्त्यावरच्या ‘पणजी इन’ने एकोणिसाव्या शतकातल्या एका जुन्या घरात पाहुणे उतरवायला सुरुवात केली, तेव्हा या गल्ल्यांकडे पर्यटनाच्या नजरेने पाहणारे फारसे कोणी नव्हते. पुढे आसपासची अनेक घरे त्या वाटेने गेली. आज जी घरे सुस्थितीत दिसतात, त्यांतली बरीचशी पाहुण्यांच्या पैशांवर उभी आहेत. वारसा जपण्याच्या नावाने होणाऱ्या चर्चासत्रांपेक्षा या खोल्यांनी अधिक कौले वाचवली, असे आमचे मत आहे.

मात्र याच यशातून दुसरा धोका आला. पाहुण्यांना खोली देऊन घर चालते, तर सगळेच घर पाहुण्यांना दिल्यास अधिक चालेल, हा हिशेब कोणालाही सुचतो. मालक पर्वरीच्या सदनिकेत राहायला जातो. दाराला आकड्यांचे कुलूप बसते, किल्लीचा आकडा फोनवर येतो, खोली झाडायला दुपारी कोणीतरी येऊन जाते. न्याहारी कोपऱ्यावरच्या कॅफेत. रात्री दोनला सज्जात मोठ्याने गाणी लागली, तर शेजारच्या म्हाताऱ्या बाईने तक्रार कोणाकडे करायची? तिच्या ओळखीचे त्या घरात कोणी उरलेले नसते. दिवसा तिच्या उंबऱ्यावर बसून फोटो काढणारे असतात ते वेगळेच. इथल्या काही भिंतींवर फोटो काढू नका, असे सांगणाऱ्या पाट्या लागल्या आहेत. रहिवासी मुळात अगत्यशील आहेत. त्यांनी पाटी लावली, याचा अर्थ त्यांची सहनशक्ती संपली आहे.

जगातल्या मोठ्या शहरांनी याचे टोक पाहिले आहे. बार्सेलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले, की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवले जातील. स्थानिकांना राहायला घर मिळेना, म्हणून तिथे ही वेळ आली. पणजी बार्सेलोना नाही, पण फोंतेन्हास इतके लहान आहे की वीस-पंचवीस घरांतली माणसे निघून गेली तरी मोहल्ला संपेल. मग पोदेर कोणासाठी येईल? टेकडीवरच्या मारुतीगडाच्या जत्रेला शेजारच्या मळ्यातून कोण चढून जाईल? रंगवलेल्या भिंती तेवढ्या उरतील.

उपाय अवघड नाही, कारण तो कायद्याच्या भाषेत आधीच लिहिलेला आहे. केंद्र सरकारच्या ‘अतुल्य भारत’ न्याहारी-निवास योजनेत एका घराला जास्तीत जास्त सहा खोल्यांची, म्हणजे बारा खाटांची मर्यादा आहे आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे, अशी अट आहे. खोल्यांच्या मर्यादेपेक्षा ही दुसरी अट अधिक मोलाची. मालक वरच्या मजल्यावर झोपलेला असतो, तेव्हा सज्जातला गोंगाट आपोआप थांबतो, भिंतीत मुरणारी ओल पहिल्या आठवड्यात दिसते आणि शेजाऱ्यांशी बोलायला घरात माणूस असतो. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येकाला नोंद करावीच लागते. त्या नोंदीत मालक राहतो ते घर आणि मालक नसलेले घर असे दोन स्पष्ट वर्ग करावेत. पहिल्याला वीज, पाणी, घरपट्टी घरगुती दराने आकारावी आणि चुन्याच्या दुरुस्तीसाठी अनुदान द्यावे. दुसऱ्याकडून पुरता व्यावसायिक दर घ्यावा, आणि फोंतेन्हाससारख्या संवर्धन क्षेत्रात अशा घरांची संख्या मर्यादित ठेवावी. यात कोणाच्या पोटावर पाय येत नाही. घरात राहून घर चालवणाऱ्याचे पारडे तेवढे जड होते.

महाराष्ट्राने हे दुरून पाहण्याचे कारण नाही. १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याने भाडी गोठली, भाडेकरूच्या आठ-दहा रुपयांत वाड्याची दुरुस्ती होईना, आणि १९९९ चा नवा कायदा आला तोवर पुण्याच्या पेठांतले कितीतरी वाडे पडून गेले होते. नाशिक आणि वाईत काही अजून उभे आहेत, बहुतेक ठिकाणी एखादे वयस्कर जोडपे चौकाच्या एका बाजूला राहते आहे. त्यांच्या दोन खोल्यांत वर्षाकाठी काही पाहुणे उतरले, तर वाडा बिल्डरच्या हाती जाण्याआधी निदान एक पर्याय समोर असेल. अशा घरांना नोंदणीचा कागद घरपोच नेऊन देण्याइतकी तत्परता पर्यटन खात्याने दाखवावी.

उरतो प्रवासी. अशा घरात नळाचे पाणी गरम व्हायला वेळ लागेल, लाकडी जिना वाजेल, लिफ्ट नसेल. नऊनंतर न्याहारी मिळणार नाही, कारण घरच्यांनाही त्यांचा दिवस सुरू करायचा असतो. दर एखाद्या साध्या हॉटेलपेक्षा जास्त असेल. त्यातले थोडे पैसे तुमच्या डोक्यावरच्या कौलांत जातात, म्हणून घासाघीस करू नका. पुढच्या खेपेला पणजीत खोली ठरवताना पैसे भरण्याआधी फोन करा आणि एवढेच विचारा, घरमालक याच घरात राहतात का? उत्तर ‘हो’ आले, तरच खोली घ्या.