नाण्यालाही ‘तेजोवलय’ असते!

आरोग्यमेळ्यांतून आणि समाजमाध्यमांवरील जाहिरातींतून एक चित्र विकले जाते: खुर्चीत बसलेला माणूस आणि त्याच्याभोवती रंगीत वलय. हा म्हणे त्याचा ‘ऑरा’. वलय मलीन असेल तर शरीरात व्याधी आहे, असे निदान आणि त्यावर ‘शुद्धीकरणा’चा उपाय, दोन्ही एकाच टेबलावर मिळतात.

या दाव्यामागची भौतिक घटना खरी आहे. खोटा आहे तो तिला चिकटवलेला अर्थ. १९३९ साली सोव्हिएत संघातील क्रास्नोदार येथे सेम्योन किर्लियन या विद्युत-तंत्रज्ञाच्या हाती ही पद्धत लागली. छायाचित्रण-पट्टीवर बोट ठेवून उच्च विद्युतदाब दिला की बोटाभोवतीच्या हवेचे आयनीभवन होते आणि ती चकाकते. बोटाच्या जागी धातूचे नाणे ठेवले तरी असेच वलय उमटते. मग नाण्याच्या कोणत्या अवयवाला व्याधी जडली म्हणायची? ‘सायन्स’ या नियतकालिकातील १९७६ च्या शोधनिबंधाने दाखवून दिले की, सजीवांच्या अशा प्रतिमांतील फरकांना मुख्यतः ओलावा कारणीभूत असतो. थोडक्यात, ज्याला प्राणशक्ती म्हटले तो घाम निघाला!

प्रचलित ऑरा-कॅमेऱ्यांची गोष्ट तर याहून सोपी आहे. तळहाताखालचे संवेदक त्वचेचे विद्युत गुणधर्म मोजतात आणि यंत्र त्या आकड्यांना पूर्वनियोजित रंग देऊन ते तुमच्या छायाचित्रावर चढवते. जे रंग यंत्रानेच भरले, त्यांतून यकृताचे आरोग्य कसे कळावे?

‘पण शरीरातून प्रकाश बाहेर पडतो, हे विज्ञानही मानते ना?’ होय, मानते. शरीर अवरक्त किरण उत्सर्जित करते. अत्यंत क्षीण दृश्य प्रकाशही त्यातून निघतो. परंतु तो डोळ्यांना दिसू शकणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे एक हजारांश असतो आणि टिपण्यासाठी संपूर्ण अंधार व अतिसंवेदनशील कॅमेरा लागतो. मेळ्यातल्या झगमगाटात तो टिपला जाणे अशक्य.

हा निरुपद्रवी करमणुकीचा प्रश्न नाही. ‘वलय निर्मळ आहे’ या दिलाशावर विसंबून एखादी स्त्री स्तनातील गाठ तपासून घेणे लांबणीवर टाकते, तेव्हा तिच्या हातून निसटतो तो उपचाराचा मोलाचा काळ. १९५४ च्या जादूटोणासदृश उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या केंद्रीय कायद्यात उपचारांइतकाच ‘निदाना’चाही उल्लेख आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी असा कॅमेरा दिसला तर एवढेच करा: हात धुऊन, पुसून, पुन्हा ओले करून तीन छायाचित्रे मागा. मग नावे झाकून, त्यांतला आजारी कोण ते विचारा. वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाने सांगितलेले आपले कर्तव्य आहे. त्याची सुरुवात अशा साध्या प्रश्नानेच होते.