पाठांतराची इंग्रजी आणि पायाची मराठी

परीक्षा जवळ आली की मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांतून एक ओळखीचा सूर कानी येऊ लागतो. मार्गदर्शक पुस्तकातील गाईवरचा दहा वाक्यांचा इंग्रजी परिच्छेद मूल डोळे मिटून घोकत असते. प्रश्नपत्रिकेत गाय आली तर गुण मिळतात. गाईच्या ऐवजी म्हैस आली की त्याची लेखणी थांबते. गोठ्यातल्या म्हशीला रोज वैरण घालणाऱ्या मुलाला तिच्याविषयी पाच वाक्ये लिहिता येऊ नयेत, हा दोष त्याच्या बुद्धीचा खास नव्हे. तो आपल्या शिकविण्याच्या रीतीचा आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी मुलांना तर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा सांभाळाव्या लागतात. तेव्हा इंग्रजी शिकावी की नाही, हा वाद आता उरलेला नाही. ती कोणत्या पायावर शिकावी, हाच खरा प्रश्न आहे. आणि तो पाया मराठीचाच असला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंग्रजी व्याकरण म्हणजे एक अनोळखी अरण्य, अशी भीती मुलांच्या मनात भरविली जाते. ती निराधार आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले, तेच मुळी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचलेले होते. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा ज्या आठ शब्दजाती आपण शाळेत शिकतो, त्या इंग्रजीतील आठ वर्गांशी जुळणाऱ्या आहेत. पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हेही मेजर कँडी यांच्या प्रयत्नाने इंग्रजीकडूनच मराठीत रुळली. ज्याला मराठी व्याकरण नीट आले, त्याच्या हाती इंग्रजीची निम्मी हत्यारे आधीच आलेली असतात. शिक्षकाने ती त्याला दाखवून द्यावीत, एवढेच उरते.

उदाहरणे पाहावीत. ‘जातो, जाते, जातात’ हे फरक जे मूल न चुकता बोलते, त्याने ‘गो’ आणि ‘गोज’ या दोनच रूपांना का भ्यावे? ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत, असे आपण म्हणतो. परंतु गोष्ट सांगताना आपण ‘एक शेतकरी होता’ असे म्हणतो आणि पुढे ‘तो शेतकरी’ म्हणतो. पहिल्या उल्लेखाचा ‘एक’ आणि ओळख झाल्यानंतरचा ‘तो’ यांतच ‘अ’ आणि ‘द’ यांचे बरेचसे मर्म आहे. मराठीला हे शब्द गाळता येतात, इंग्रजीला सहसा येत नाहीत, हा भेद तेवढा सांगावा लागतो.

जेथे दोन भाषांच्या वाटा फुटतात, तेथेही तुलनाच उपयोगी पडते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येते. ‘मला भूक लागली’ या वाक्यात भूक लागते. इंग्रजीत मात्र मनुष्यच कर्ता होऊन ‘आय अ‍ॅम हंग्री’ म्हणतो. ‘मी येईन, असे तो म्हणाला’ हे वाक्य इंग्रजीत ‘ही सेड दॅट ही वुड कम’ असे होते. ‘मी’चा ‘ही’ होतो आणि काळही मागे सरतो. हे भेद उघड करून सांगितले नाहीत, तर मूल मराठी वाक्याला इंग्रजी शब्दांचा अंगरखा चढवीत राहते.

यावर काही विद्वान म्हणतील की, परभाषा शिकताना त्याच भाषेत विचार करावा, मातृभाषेचा अडसर नको. कानावर इंग्रजी पुष्कळ पडावी आणि वाचनही भरपूर व्हावे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याच्या घरी आणि गल्लीत इंग्रजीचा एक शब्दही उच्चारला जात नाही, त्याला मातृभाषा सोडून विचार कर म्हणणे म्हणजे शिडी काढून घेऊन माडीवर ये म्हणण्यासारखे आहे.

परिच्छेदाचेही असेच आहे. परिच्छेद म्हणजे दहा वाक्यांची मोळी नव्हे. त्यात एकच विचार असतो, तो बहुधा पहिल्या वाक्यात मांडला जातो आणि पुढील वाक्ये त्याला आधार देतात. भाताच्या सुगीवर लिहावयाचे असेल, तर ‘सुगीच्या दिवसांत आमच्या घरात कोणालाही उसंत नसते’ हे पहिले वाक्य मुलाने आधी मराठीत ठरवावे. मग कापणी कोण करते, मळणी कोठे होते, शाळा सुटल्यावर आपल्या वाट्याला कोणते काम येते, हे क्रमाने सांगावे. हा सांगाडा उभा राहिला की साध्या, आखूड इंग्रजी वाक्यांत तो उतरविणे अवघड नाही. त्यात चार चुका होतील. त्या चुका त्याच्या स्वतःच्या असतील आणि म्हणूनच त्या सुधारता येतील. घोकलेल्या परिच्छेदात सुधारण्यासारखे मुलाचे स्वतःचे काहीच नसते.

हे मुलाच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. नोकरीचा अर्ज, बँकेला पाठवावयाचे पत्र, रुग्णाच्या दुखण्याची हकीकत यांचे परिच्छेद कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात पाठ करावयास मिळत नाहीत. तेथे अडलेला तरुण आपल्या मराठी शाळेला दोष देतो आणि उद्या आपल्या मुलाला त्या शाळेत घालीत नाही.

बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली ‘दर्पण’ काढले, तेव्हा एका रकान्यात इंग्रजी व शेजारच्या रकान्यात मराठी छापली. प्रत्येक शिक्षकाने मुलांच्या वहीचे पान तसेच दुभागावे आणि आठवड्यातून एक परिच्छेद मुलांकडून त्यांच्या स्वतःच्या अनुभवावर लिहून घ्यावा. पालकांनीही पाठांतर ऐकण्याऐवजी ‘आज तू स्वतः काय लिहिलेस?’ असे विचारावे. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. परंतु दूध कोणाचेही असो, ते पचते पिणाऱ्याच्या जठराग्नीवर; आणि आमच्या मुलांचा तो अग्नी मराठीनेच चेतविलेला आहे.