संगणक विसरला, म्हणून भंगारात?



समजा, तुम्ही वाशिम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात, धनज येथे नववीत शिकत आहात. जूनचा शेवटचा आठवडा आहे. शिवारात सोयाबीनची पेरणी चालू आहे आणि विदर्भातील शाळा नुकत्याच उघडल्या आहेत. सुट्टीभर बंद असलेली संगणकाची खोली सरांनी उघडली, धूळ पुसली आणि दहा-बारा वर्षांच्या जुन्या संगणकाचे बटन दाबले. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली : ‘सीमॉस चेकसम एरर’. खाली सूचना होती, ‘एफ-१ दाबा’. दाबले, तर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली! इंटरनेटवरची पानेही उघडेनात. सर म्हणाले, ‘‘गेला वाटतं हा. कारंज्याहून माणूस बोलवावा लागेल.’’ आणि संगणकावर पुन्हा कापड पडले.

प्रसंग कल्पित आहे. पण असा कापडाखालचा एखादा संगणक तुमच्याही पाहण्यात असेल. माझे म्हणणे असे, की तो संगणक मेलेला नाही, विसरला आहे. तो का विसरला, हे शोधण्याचा पहिला मान दुरुस्तीवाल्याचा नसून तुमचा आहे.

संगणक बंद असताना त्याला वेळ कशी कळते? १९८१ साली आलेल्या आयबीएम कंपनीच्या पहिल्या पीसीला ती कळतच नसे. चालू केल्यावर प्रत्येक वेळी तारीख सांगावी लागे. न सांगितल्यास तो १ जानेवारी १९८० पासून मोजू लागे. १९८४ साली आलेल्या त्याच कंपनीच्या एटी या संगणकात मोटोरोलाची एक छोटी चकती बसवली गेली. तिच्यात अवघ्या ६४ बाइटांची जागा होती. त्यांपैकी १४ बाइट घड्याळासाठी होते. उरलेल्या ५० बाइटांत डिस्क कोणती, स्मृती किती, अशा नोंदी राहत. ही चकती अत्यंत कमी वीज खाणाऱ्या ‘सीमॉस’ पद्धतीची होती, म्हणून त्या स्मृतीलाच ते नाव पडले.

या घड्याळाचा ठोका क्वार्ट्‌झचा एक स्फटिक देतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो ना? त्याची निम्मी-निम्मी करत पंधरा वेळा भागणी करा. नेमका १ उरेल! म्हणजे सेकंदाला एक ठोका.

संगणक बंद असताना ही चकती जागी ठेवतो मदरबोर्डवरचा नाण्याएवढा एक सेल. बहुधा तो ‘सीआर २०३२’ असतो. नावातच माप दडले आहे : व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट आणि क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळ ५ मायक्रोअँपिअर प्रवाह घेते असे धरले, तर भागाकार ४४,००० तास येतो, म्हणजे सुमारे पाच वर्षे. भिंतीवरचे बटन चालू असले, तर संगणक बंद असतानाही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार पडत नाही. पण शाळेत रोज संध्याकाळी मुख्य बटन बंद होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर आठवडेच्या आठवडे सगळा भार सेलवर असतो, आणि उष्णतेने तो आपसूकही थोडा उतरतो. रोग जूनमध्येच का दिसला, हे आता ध्यानात आले ना?

मग ‘चेकसम’ काय? किराणा दुकानदार उधारीच्या वहीत पानाखाली बेरीज मांडून ठेवतो. पुढे बेरीज जुळली नाही, तर कुठला तरी आकडा बिघडला हे त्याला कळते. संगणकही नोंदींची बेरीज साठवतो आणि सुरू होताना ताडून पाहतो. सेल उतरला की आकडे पुसले जातात, बेरीज चुकते आणि संगणक कारखान्यातल्या मूळ नोंदी लावून घेतो. इंटरनेट रुसते तेही तारखेमुळे. सुरक्षित संकेतस्थळाच्या ओळखपत्राला मुदत असते. संगणकाच्या मते अजून जुनेच साल चालू असेल, तर ते ओळखपत्र त्याला अवैध वाटते. अलीकडच्या बऱ्याच संगणकांत नोंदी विजेविना टिकणाऱ्या फ्लॅश स्मृतीत असतात. तेथे नोंदी राहतात, पण घड्याळ मात्र सेल संपताच चुकते.

आता तर्क तपासून पाहू या. तारीख नीट लावा आणि वीज न तोडता संगणक पुन्हा सुरू करा. तारीख टिकली? मग संगणक बंद करून भिंतीवरचे बटन रात्रभर बंद ठेवा. सकाळी तारीख गेली, तर संशय सेलवर. सेल काढून मल्टिमीटरने मोजा. नवा सेल तीन व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. काटा अडीचच्या आसपास आला, तर तो थकला. नवा सेल घड्याळाच्या दुकानात एका चांगल्या वहीच्या किमतीत मिळतो. तो बसवूनही विसरभोळेपणा गेला नाही, तर तर्क बदला : नोंदी पुसण्यासाठी मदरबोर्डवर असलेली छोटी टोपी चुकीच्या पिनांवर राहिली आहे का, सेलची पकड सैल आहे का, ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रयोगशाळेत तुम्ही हेच करता ना?

‘‘पण मुलांनी संगणक उघडायचा? तो जडसंग्रह नोंदवहीत आहे, तपासणीत विचारणा झाली तर?’’ असे शिक्षक म्हणतील. त्यांची भीती खोटी नाही. हमीची मुदत चालू असलेल्या संगणकाला हात लावूच नये. बाकीच्यांच्या बाबतीत मुख्याध्यापकांची परवानगी आणि शिक्षकांची उपस्थिती हवीच. वायर भिंतीतून काढावी. अंगावरची स्थिर वीज निघून जावी म्हणून आधी पेटीच्या धातूला स्पर्श करावा. सेलची अधिक खुणेची बाजू कोणत्या दिशेला आहे हे पाहून ठेवावे. वीजपुरवठ्याचा बंद डबा कधीही उघडू नये. आणि काढलेला सेल लहान मुलांच्या हाती पडू देऊ नये. गिळला गेल्यास तो अन्ननलिकेला भाजून काढतो.

एवढी काळजी घेतली, तर धोका उरतो तो उलट बाजूचा. बेडकाचे चित्र काढून आपण हृदयाचे कप्पे शिकतो, परंतु समोरच्या यंत्राचे हृदय कधी पाहत नाही. यंत्र बिघडले की शहराकडे पाहायचे, ही सवय एका सेलपेक्षा महाग पडते. महिनाभर कापडाखाली राहिलेल्या संगणकाबरोबर चाळीस मुलांचे तासही बुडतात.

म्हणून शिक्षकांना एक सूचना. प्रत्येक संगणकाशेजारी एक वही ठेवा. संगणक सुस्थितीत असतानाच त्यातील नोंदी मुलांकडून उतरवून घ्या : डिस्कचा क्रम, डिस्क जोडण्याची पद्धत, सेल बदलल्याची तारीख. नोंदी पुसल्या गेल्या आणि डिस्कची पद्धत मूळपेक्षा वेगळी लागली, तर विंडोज सुरूच होत नाही. अशा वेळी ही वहीच वाट दाखवील.

आणि मित्रांनो, तुमच्या शाळेत असा कापडाखालचा संगणक असेल, तर उद्याच सरांना विचारा, ‘‘सर, याचा सेल मोजून पाहू या का?’’