हा अडॅप्टर कोणी लावला?

तक्रार साधारण अशी येते : ‘घरून व्हीपीएन लागतो, मेल येतात, पण ऑफिसच्या सर्व्हरवरचा हिशेबाचा प्रोग्रॅम उघडत नाही. काल उघडत होता.’ आपण लॅपटॉप रिस्टार्ट करायला सांगतो. प्रोग्रॅम उघडतो, कॉल बंद होतो. आठ दिवसांनी तोच माणूस, तीच तक्रार. आवाज मात्र चढलेला.

अशा वेळी व्हीपीएनला शिव्या घालण्याआधी आयपीकॉन्फिग मारून बघा. कधीकाळी हौसेने हायपर-व्ही चालू केलेलं असेल, तर ‘व्ही-इथरनेट (डिफॉल्ट स्विच)’ नावाचा पाहुणा तिथे बसलेला दिसेल. २०१७ च्या विंडोज १० आवृत्ती १७०९ पासून तो आपोआप येतो. त्याला मिळणारा पट्टा बहुधा १७२.१६ ते १७२.३१ यांमधला, /२० मापाचा, म्हणजे ४०९६ पत्त्यांचा. असे २५६ तुकडे त्या मोठ्या पट्ट्यात मावतात आणि बूटगणिक तुकडा बदलू शकतो. लॅपटॉप घरी सुरू झाला तेव्हा ऑफिसचं नेटवर्क त्याला दिसतच नव्हतं. त्याने उचललेल्या तुकड्यात नेमका तुमचा सर्व्हर बसला, तर संपलंच. व्हीपीएनने दिलेला रूट /१६ चा असेल, तर /२० त्याहून नेमका म्हणून तोच जिंकतो. पॅकेट बोगद्यात शिरतच नाही. मेट्रिक कमी-जास्त करत बसणाऱ्यांनी इथे थांबावं. मेट्रिकची पाळी त्यानंतरची.

हा स्विच काही खोडी म्हणून दिलेला नाही. पूर्वी लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनला वाय-फायवरून इंटरनेट द्यायचं म्हणजे डोकेदुखी होती. ती याने घालवली. आमची तक्रार वेगळी आहे : पट्टा कोणता घेऊ, हे तो विचारत नाही, आणि हायपर-व्ही मॅनेजरमधून काढू म्हटलं तर काढूही देत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून उपटला, तर सहसा पुन्हा उगवतो.

त्यामुळे उपाय दोनच. व्हर्च्युअल मशीन लागत नसेल, तर विंडोज फीचर्समधून हायपर-व्हीच बंद करा. लागत असेल, तर व्हीपीएनवरून सर्व्हरच्या सेगमेंटचा /२४ रूट द्या. तो /२० ला हरवतो. आणि नव्या ऑफिसची आखणी करताना १७२ च्या या पट्ट्यापासून लांबच राहा. लिनक्सवरचा डॉकरही मुळात १७२.१७ पासूनच सुरुवात करतो. १० चा पट्टा एवढा मोकळा पडलेला असताना ही गर्दी कशाला?

व्हीएमवेअरचे व्हीएमनेट१ आणि व्हीएमनेट८ त्या मानाने शहाणे. व्हर्च्युअल नेटवर्क एडिटरमधून काढता येतात. व्हर्च्युअलबॉक्सचा होस्ट-ओन्ली अडॅप्टर निदान १९२.१६८.५६ सोडून भटकत नाही. मात्र डोमेनमधल्या मशीनवर हे असतील, तर ‘या जोडणीचा पत्ता डीएनएसमध्ये नोंदवा’ ही खूण काढून टाका. नाहीतर शेजारचं मशीन त्या पत्त्यावर दार ठोठावत बसेल.

पुढच्या वेळी ‘काल चालत होतं’ हे शब्द ऐकलेत, की रिस्टार्ट सांगण्याआधी ‘रूट प्रिंट’चा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. रिस्टार्टनंतर पट्टा बदलला, की पुरावाही गेला.