भट्टी नको, पण ओढून बघा!

मंडळी, सिरॅमिक म्हटलं की आपल्याला कपबशी आठवते आणि तिच्यामागे धगधगती भट्टी. मी अमेरिकेत आलो तो हीच समजूत घेऊन. इथल्या प्रयोगशाळेत चंचुपात्रातल्या गरम पाण्यात धातूवर सिरॅमिक चढताना पहिल्यांदा पाहिलं आणि चाटच पडलो!

प्रकार साधा आहे. कॅल्शियम नायट्रेट आणि अमोनियम फॉस्फेटचं द्रावण घ्यायचं, टायटॅनियमची पट्टी ऋण टोकाला जोडायची आणि थोडेसे व्होल्ट द्यायचे. पट्टीलगत पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि तेवढ्याच जागेत द्रावणाची आम्लता कमी होते. तिथे कॅल्शियम फॉस्फेट विरघळून राहू शकत नाही. ते पट्टीवर बसतं. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो ना, त्याचंच हे शहाणं भावंड! तापमान आणि आम्लता नीट सांभाळली, किंवा थर नंतर अल्कलीत भिजवला, की हायड्रॉक्सिअपेटाइट मिळतं. आपल्या हाडातलं खनिज याच जातीचं. म्हणून तर कृत्रिम खुब्याच्या दांड्यावर त्याचा लेप देतात; हाड त्याला चांगलं जुळतं.

हा लेप देण्याची रुळलेली रीत प्लाझ्मा फवारणीची. तिथली ज्योत १०,००० अंशांच्या घरात, त्यामुळे खनिजाचा काही भाग बिघडतो. शिवाय फवारा समोर दिसेल तिथेच बसतो. द्रावण मात्र बारीक छिद्रांतही शिरतं, आणि यंत्रसामग्री आपल्या कुठल्याही कॉलेजला परवडेल अशी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात द्रावणातून पातळ थर बसवण्याचं काम कित्येक वर्षं झालंय, ते उगाच नाही.

मग माझी तक्रार काय?

मध्यंतरी तिकडच्या एका विद्यार्थ्याने अशा लेपाचं सूक्ष्मदर्शकातलं छायाचित्र पाठवलं. फुलासारखे सुरेख स्फटिक! मी विचारलं, "चिकटून किती राहतो?" उत्तर आलं, "सर, ते मोजलं नाही. पेपरला लागत नाही."

माझा पहिला लेपही असाच देखणा होता. टिश्यूने पुसला आणि टिश्यूवरच आला! ज्या बुडबुड्यांच्या कृपेने थर बसतो, तेच त्यात भोकं ठेवून जातात. वाळताना तडे जातात ते वेगळेच. प्लाझ्मा लेपासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक किमान १५ मेगापास्कल पकड मागतं, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण दीडशे किलोची ओढ. आपल्या लेपाला वेगळी सवलत कशाला?

माझं म्हणणं एवढंच, की पेपरात छायाचित्राआधी पकडीचा आकडा यावा, आणि तो वाईट असला तरी यावा. निदान चिकटपट्टी लावून ओढून तरी बघा! आपल्याकडे स्वस्तात होणारं हे तंत्र आहे. ते नुसत्या फोटोंपुरतं उरलं तर नुकसान आपलंच. हा लेप उद्या कुणाच्या तरी आजीच्या खुब्यात जायचाय. तिला स्फटिकांचा फोटो दाखवून चालता येणार नाही.