बोधचिन्हाचे मोल

ऑक्टोबर २०१० मध्ये छत्रपती संभाजीनगरने (तेव्हाचे औरंगाबाद) एकाच वेळी १५० मर्सिडीझ-बेन्झ मोटारी खरेदी करून साऱ्या देशाला थक्क केले. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. एकत्रित खरेदीमुळे सवलत मिळाली हे खरे. पण केवळ सवलतीसाठी कोणी मर्सिडीझ घेत नाही. मराठवाड्यातील शहरही श्रीमंतीत मागे नाही, हे दाखवून देण्याची ईर्षा त्यामागे होती. पैसा मोटारीसाठी मोजला गेला, तितकाच प्रतिष्ठेसाठीही.

आलिशान मोटारींच्या किमतीचे मर्म येथेच आहे. पोलाद, इंजिन, कातडी आसने यांचा खर्च किंमत एका मर्यादेपर्यंत चढवितो. त्यापुढचे काम नाव करते. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने २००२ मध्ये ‘फेटन’ ही अत्यंत आलिशान मोटार बाजारात आणली. त्याच उद्योगसमूहाच्या बेंटली कॉन्टिनेंटल जीटीचा मूळ सांगाडा तिच्याशी मिळताजुळता होता. धनिकांनी बेंटली डोक्यावर घेतली. फेटनला मात्र २००६ मध्येच अमेरिकेच्या बाजारातून माघार घ्यावी लागली. गुणवत्तेत उणीव नव्हती. पुढे लावलेले चिन्ह सामान्यांच्या मोटारीचे होते.

या नियमाची दुसरी बाजू भारतानेही अनुभवली. दुचाकीवरून दाटीवाटीने जाणारी कुटुंबे पाहून रतन टाटांना नॅनोची कल्पना सुचली. २००८ मध्ये ती लोकांसमोर आली. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्या, ही कारणे होतीच. पण ‘सर्वांत स्वस्त मोटार’ हा शिक्का तिला सर्वाधिक भोवला. दारात उभी राहणारी पहिली मोटार ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या कष्टांची पावती असते. त्या पावतीवर ‘स्वस्त’ हा शब्द कोणाला रुचेल? २०१८ मध्ये नॅनोचे उत्पादन थांबले. गंमत अशी की, २००८ मध्येच टाटा समूहाने जग्वार आणि लँड रोव्हर सुमारे २३० कोटी डॉलरना विकत घेतल्या आणि त्यांची ब्रिटिश नावे जशीच्या तशी जपली. कारखान्यांइतकीच ती नावेही मोलाची होती.

यातून दोन बोध निघतात. पहिला उद्योगांसाठी. वस्तू देशात बनली म्हणजे स्वदेशीचे व्रत पूर्ण होत नाही. ज्या नावासाठी जग आनंदाने अधिक दाम मोजेल, असे नाव घडविणे ही त्याची पुढची पायरी आहे. ते जाहिरातीने नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या गुणवत्तेने घडते.

दुसरा बोध कुटुंबांसाठी. कष्टाने मिळविलेल्या संपत्तीचा उपभोग घेण्यात गैर काही नाही; हिंदू विचाराने अर्थाला पुरुषार्थच मानले आहे. परंतु अर्थाच्या अभावाप्रमाणे त्याचा प्रभावही घातक असतो, असे पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी बजावले होते. शोरूममधून बाहेर पडताच मोटारीचे मोल घसरू लागते. कर्जाचे हप्ते मात्र वर्षानुवर्षे चालू राहतात. मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी यांना कात्री लावून शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरण्यासाठी घेतलेली मोटार त्या घराला प्रतिष्ठा नव्हे, चिंता देते. घराची पत दारातल्या बोधचिन्हावर ठरत नाही. ती घरातल्या माणसांच्या वागण्यावर ठरते.